दृष्टिपटलाचे दप्तर

कुंभकोणमहून तिरुवारूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सुमारे दहा किलोमीटरवर नाचियारकोविल हे गाव लागते. गावाचे नाव तेथल्या देवळावरून पडले आहे. हे देऊळ विष्णूचे असले तरी येथे मान पहिला देवीचा, म्हणजे नाचियारचा. दगडी गरुडाच्या मूर्तीसाठीही हे स्थान प्रसिद्ध आहे. उत्सवात ही मूर्ती गाभाऱ्यापासून जसजशी दूर जाते तसतशी ती जड होत जाते आणि खांदेकऱ्यांची संख्या वाढवावी लागते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. परंतु दक्षिण भारतातील घराघरांत या गावाचे नाव पोहोचले ते येथे घडणाऱ्या पितळी समयांमुळे. कावेरीच्या परिसरातील बारीक मातीचे साचे करायचे, त्यांत वितळलेले पितळ ओतायचे, बैठक, दांडा, तेलाची वाटी आणि वरचा हंस असे भाग निरनिराळे घडवून ते कातून एकमेकांत बसवायचे, हा येथील ओतारी कुळांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग आहे.

समईची परीक्षा तिच्या दांड्यात असते. दांडा ओळंब्यात नसेल तर समई कितीही सुबक असली तरी कारागिराच्या डोळ्याला खुपते. आता अशी कल्पना करावी की, पन्नास वर्षे हे काम केलेल्या एखाद्या वृद्ध कारागिराला एके दिवशी आपल्याच हातची समई मध्यभागी वाकलेली दिसू लागली. तो हात फिरवून पाहतो तर दांडा सरळच आहे. आजूबाजूची भिंत, खांब, अंगण, सारे नीट दिसते. मात्र जेथे दृष्टी रोखावी तेथेच रेषा मोडते, अक्षर पुसट होते, समोरच्या माणसाचा चेहरा हरवतो. मोतीबिंदू असावा म्हणून तो डोळे दाखवितो, तर भिंग स्वच्छ निघते. दोष डोळ्याच्या दारात नसून त्याच्या मागच्या भिंतीवर, दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूशी असतो. दिव्याखाली अंधार या म्हणीचा असा क्रूर प्रत्यय क्वचितच येत असेल.

या विकाराला वार्धक्यजन्य पीतबिंदू-ऱ्हास म्हणतात. पीतबिंदू हा दृष्टिपटलाचा मध्यभाग जेमतेम पाच-साडेपाच मिलिमीटर व्यासाचा असतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, चेहरा ओळखणे ही सारी कामे याच इवल्या जागेवर चालतात. वयोमानाने तिच्याखाली स्निग्ध पदार्थाचे पिवळट कण साचतात. बहुतेकांत ऱ्हास येथून मंद गतीने होत जातो. हा त्याचा कोरडा प्रकार. काहींत मात्र खालच्या थरातून नाजूक, कच्च्या रक्तवाहिन्या वर फुटतात, पाझरतात, त्यांतून रक्त येते आणि शेवटी तेथे व्रण पडतो. हा ओला प्रकार. तो काही आठवड्यांतही दृष्टीचे मोठे नुकसान करू शकतो. त्याहून अवघड गोष्ट अशी की, उपचाराने तो शमला तरी गेला असे होत नाही. तो परत येतो. म्हणून या रोगात पहिल्या निदानाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व पुढच्या राखणीला आहे. ही राखण चित्राच्या आधारे करावयाची असते. माणसाने डोळ्याचे चित्र काढून ते जपून ठेवावयास केव्हापासून आरंभ केला, हे पाहू लागल्यास नाचियारकोविलपासून फार दूर जावे लागत नाही. कुंभकोणमच्या पलीकडे चाळीस किलोमीटरवर तंजावर आहे, आणि तेथे या इतिहासाचे एक पान मराठी राज्यकर्त्याच्या पदरी लिहिले गेले आहे.

व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरास भोसले घराण्याची गादी स्थापिली. त्या गादीवर १७९८ साली दुसरे सरफोजी आले. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार इंग्रज कंपनीकडे गेला आणि राजाच्या हाती किल्ला, भोवतालचा थोडा मुलूख व तनखा एवढेच उरले. दुसरा एखादा पुरुष अशा स्थितीत विलासात बुडाला असता. सरफोजींनी मात्र ग्रंथ जमविले, छापखाना काढला, शाळा चालविल्या आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाच्या सहवासात त्यांचे तारुण्य गेले होते. त्यामुळे युरोपीय विद्यांची ओढ त्यांच्या ठिकाणी लहानपणापासून होती. शरीररचना शिकण्यासाठी त्यांनी लाकडी सांगाडा मागविल्याची हकीकत प्रसिद्धच आहे. धन्वंतरी महाल या नावाने त्यांनी जी वैद्यकसंस्था उभी केली तीत आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय अशा सर्व पद्धतींचे जाणकार एकत्र आले.

याच काळातले काही कागद तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. हे ग्रंथालय मोडी कागदांच्या रुमालांसाठी मराठी अभ्यासकांना परिचित आहे. पण येथे ज्या कागदांचा निर्देश करावयाचा ते हिशेबाचे किंवा तहनाम्यांचे नाहीत. ते नेत्ररुग्णांचे आहेत. रुग्णाची हकीकत, त्याच्या डोळ्याची स्थिती, केलेले उपचार आणि त्याबरोबर डोळ्यांची हाताने काढलेली चित्रे, अशा चाळीसहून अधिक नोंदी त्यांत आहेत. चेन्नईच्या नेत्रतज्ज्ञांनी २०१२ मध्ये त्यांविषयी लिहिले, तेव्हा वैद्यकविश्वाचे लक्ष त्यांकडे नव्याने वेधले गेले.

त्या चित्रांचे मोल केवळ कलेचे नाही. वैद्याने रोग्याचा डोळा पाहिला, औषध दिले आणि रोगी निघून गेला, तर मागे उरते ती स्मृती. आणि स्मृती ही फार लाघवी साक्षीदार असते. ती वैद्याला हवे ते सांगते. कागदावर काढलेला डोळा असा लाघवीपणा करीत नाही. आजच्या डोळ्याशेजारी कालचे चित्र ठेवले की अंतर काय पडले ते दिसते. दप्तर का ठेवायचे याचे उत्तर सरकारी कचेरीत आणि वैद्याच्या घरी एकच आहे: आजची गोष्ट कालच्या गोष्टीशी ताडून पाहता यावी म्हणून.

परंतु तंजावरच्या चित्रकाराला एक मर्यादा ओलांडता येणे शक्य नव्हते. पापणी, बुबुळ, त्यावरचे फूल, बाहुलीत दिसणारा पांढरा मोतीबिंदू हे सारे तो रंगवू शकत होता. बाहुलीच्या आत मात्र केवळ काळोख होता. सरफोजी १८३२ साली निवर्तले, तोवर जिवंत माणसाच्या दृष्टिपटलाचे नीट दर्शन जगातल्या कोणत्याही वैद्याला घडलेले नव्हते. १८१९ साली मद्रासला नेत्रचिकित्सेचे इस्पितळ उघडले होते. आशियातील जुन्या नेत्ररुग्णालयांत त्याची गणना होते. पण तेथील शल्यवैद्यही या बाबतीत तितकेच असहाय होते. पुष्कळशा अंधत्वाच्या बाबतीत रोग्याला काही दिसत नाही आणि वैद्यालाही काही दिसत नाही, अशी अवस्था होती.

बाहुली काळी का दिसते, हा प्रश्न वरवर पोरकट वाटतो. आत शिरलेला प्रकाश ज्या वाटेने जातो त्याच वाटेने परततो. आणि तो पाहावयाचा तर पाहणाऱ्याचे डोके दिव्याच्या आड येते, हे त्याचे कारण. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने १८४७ च्या सुमारास यावर एक उपकरण रचले होते. गणकयंत्राचा जनक म्हणून जग त्याला ओळखते. त्याने ते एका नामांकित नेत्रवैद्याला दाखविले. त्या गृहस्थांना त्याची महती उमगली नाही आणि वस्तू बाजूला पडली. चारच वर्षांनी, १८५१ साली, कोनिग्सबर्गच्या हेर्मान हेल्महोल्ट्झने आपल्या उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांना प्रकाशाचे परावर्तन समजावून देण्याच्या विचारातून त्याला ते सुचले होते. बाजूला एक दिवा, तिरप्या धरलेल्या काचेच्या पातळ पट्ट्या आणि एक भिंग, एवढीच त्याची सामग्री. काचेवरून परावर्तित झालेला प्रकाश रोग्याच्या डोळ्यात जाई आणि परत येणारा त्याच काचेतून आरपार पाहणाऱ्याच्या डोळ्यात येई. मानवी देहाच्या आतली जिवंत रक्तवाहिनी कातडीला धक्का न लावता प्रथमच सुस्पष्ट दिसली ती अशी, एका दिव्याच्या उजेडात.

दिसू लागले तसे टिपून ठेवण्याची धडपड सुरू झाली. व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगरने रोग्याच्या डोळ्यात तासन्‌तास पाहून दृष्टिपटलाची रंगीत चित्रे काढली. १८६९ साली निघालेला त्याचा चित्रसंग्रह नेत्रवैद्यांच्या अनेक पिढ्यांनी गुरुस्थानी मानला. याच काळात वृद्धांच्या मध्यदृष्टीचा हा विकार निराळा ओळखला गेला. लंडनच्या हचिन्सन आणि टे यांनी १८७० नंतरच्या दशकात त्याची वर्णने केली आणि झुरिकच्या ओट्टो हाबने १८८५ मध्ये त्याला म्हातारपणाशी जोडणारे नाव दिले. रोगाला नाव मिळाले. उपाय मिळावयास शतकाहून अधिक काळ जावयाचा होता.

हातचे चित्र कितीही निष्ठेने काढले तरी त्यात काढणाराची नजर उतरतेच. म्हणून छायाचित्राची निकड भासू लागली. १८८६ साली जॅकमन आणि वेब्स्टर या दोघा इंग्रजांनी रोग्याच्या डोक्याला कॅमेरा बांधून अडीच मिनिटे प्रकाश देऊन एक छायाचित्र घेतले. अडीच मिनिटे डोळा हलू न देणे म्हणजे काय, हे ज्याने आरशासमोर अर्धे मिनिट तरी तसे करून पाहिले असेल त्याला कळेल. चित्र अर्थातच धूसर आले. व्यवहारात उपयोगी पडेल असा कॅमेरा स्वीडनच्या नॉर्डेन्सनने रचला आणि तो त्साइस कंपनीने १९२६ मध्ये विक्रीस आणला. तंजावरच्या चित्रकाराने ज्या हेतूने कुंचला उचलला होता तो हेतू दृष्टिपटलाच्या बाबतीत आता साध्य होऊ लागला: तोच डोळा, तीच जागा, निरनिराळ्या तारखा.

तथापि छायाचित्रात वाहिनी दिसे, पण ती पाझरते आहे की नाही ते कळत नसे. हे कोडे सोडविले ते अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या दोन तरुणांनी. हेरॉल्ड नोव्होट्नी आणि डेव्हिड अल्विस यांनी हाताच्या शिरेत फ्लुओरेसीन नावाचा रंग टोचला, डोळ्यावर निळा प्रकाश टाकला आणि दृष्टिपटलातून वाहणाऱ्या पिवळ्या-हिरव्या तेजाची लागोपाठ छायाचित्रे घेतली. पहिल्या प्रयोगात रुग्णाच्या जागी अल्विस स्वतः बसला होता. त्यांचा निबंध १९६१ साली प्रसिद्ध झाला. मायामीच्या डोनाल्ड गॅसने पुढील काही वर्षांत याच पद्धतीने दाखवून दिले की, वृद्धांच्या पीतबिंदूखाली जे पाणी आणि रक्त साचते त्याचे मूळ तेथे नव्याने फुटलेल्या वाहिन्यांत आहे.

मूळ सापडले, तेव्हा ते जाळून टाकावे अशी कल्पना निघाली. १९८२ साली अमेरिकेतील मोठ्या चाचणीने लेसर-किरणांनी वाहिनी जाळण्याचा लाभ सिद्ध केला. परंतु तीन-चार वर्षांच्या पाहणीत असे आढळले की, जाळलेल्या डोळ्यांपैकी निम्म्याहून अधिक डोळ्यांत वाहिन्या पुन्हा फुटत होत्या. शिवाय मध्यबिंदूवरच लेसर सोडावा तर रोगाबरोबर दृष्टीही जळे. पुनरावृत्ती हाच या रोगाचा स्वभाव आहे, ही गोष्ट तेव्हा वैद्यांना पुरती उमगली. अशा शत्रूशी एकदा लढून भागत नाही. वेशीवर पहारा ठेवावा लागतो. आणि दर महिन्याला शिरेत रंग टोचून पहारा करणे रोग्याला जिकिरीचे, क्वचित जोखमीचेही होते.

त्या पहाऱ्याचे खरे साधन १९९१ साली अवतरले. मॅसॅच्युसेट्स येथील संशोधकांनी, ज्यांत डेव्हिड ह्वांग, जेम्स फुजिमोटो आणि एरिक स्वॉन्सन हे प्रमुख होते, ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी या तंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. नाव लांबलचक असले तरी तत्त्व समजण्यासारखे आहे. विहिरीत हाक मारली की प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून खोली कळते. येथे आवाजाऐवजी अवरक्त प्रकाश वापरलेला असतो. दृष्टिपटलाच्या प्रत्येक थरावरून तो थोडा थोडा परततो. प्रकाशाचा वेग इतका प्रचंड की त्याचा वेळ मोजणारे घड्याळ नाही. म्हणून परतलेला प्रकाश मूळ प्रकाशाशी जुळवून त्या जुळणीवरून खोली काढतात. परिणामी डोळ्याला स्पर्शही न करता दृष्टिपटलाचा उभा छेद पडद्यावर उमटतो. एखाद्या जुन्या टेकडीचा कडा खणल्यावर मातीचे थर दिसावेत, तसे त्याचे थर दिसतात. हे सारे पटल पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचे, आणि त्यात मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याइतका फरक या यंत्राला कळतो. थरांत किंवा थरांखाली पाणी झिरपले असेल तर तेथे काळी पोकळी दिसते. या शोधाच्या तिघा शिल्पकारांना २०२३ साली लास्कर पुरस्कार देण्यात आला.

चित्राला आता औषधाची जोड मिळावयाची होती. वाहिन्या फुटण्यास चेतना देणारे एक द्रव्य शरीरात असते. त्याला रोखणारी औषधे कर्करोगाच्या संशोधनातून पुढे आली. २००५ साली बेव्हॅसिझुमॅब हे त्यांपैकी एक औषध डोळ्यात टोचून पाहण्यात आले आणि २००६ मध्ये खास डोळ्यासाठी घडविलेल्या रॅनिबिझुमॅबला अमेरिकेत मान्यता मिळाली. ओल्या प्रकारात दृष्टी जावयाचीच, असे ज्या रोग्यांना सांगितले जाई त्यांतील बहुसंख्यांची दृष्टी टिकू लागली आणि सुमारे एक-तृतीयांश रोग्यांची ती लक्षणीय सुधारली. मात्र औषधाचा प्रभाव चार-सहा आठवडे टिकतो. वाहिनी मरत नाही, निजते. पुन्हा केव्हा जागी होईल हा प्रश्न उरतोच.

मूळ चाचण्यांत दर महिन्याला सुई टोचली जात असे. मायामीच्या वैद्यांनी चाळीस रोग्यांवर वेगळा मार्ग अवलंबिला. आरंभीच्या तीन मात्रा दिल्यावर त्यांनी दर महिन्याला छेदचित्र काढले आणि चित्रात पाणी किंवा नवा रक्तस्राव दिसला, किंवा त्याबरोबर दृष्टी उतरलेली आढळली, तरच सुई टोचली. दोन वर्षांत चोवीसऐवजी सरासरी दहाच्या आसपास मात्रांत काम भागले आणि दृष्टीचा लाभ जवळजवळ तितकाच राहिला. पुढे मात्रांमधील अंतर दोन-दोन आठवड्यांनी वाढवीत नेण्याची रीतही रूढ झाली. चित्र कोरडे असेल तोवर अंतर वाढवायचे, पाणी दिसताच आवरते घ्यायचे. औषध किती आणि केव्हा, हा निर्णय असा चित्रांच्या क्रमावर येऊन ठेपला. अलीकडच्या यंत्रांत मागच्या वेळचीच नेमकी रेषा पुन्हा पकडण्याची सोय असते, त्यामुळे दोन तारखांची चित्रे एकावर एक ठेवून ताडता येतात. रंग न टोचता वाहत्या रक्ताच्या हालचालीवरूनच वाहिन्यांचे जाळे दाखविण्याचे तंत्रही गेल्या दशकात हाताशी आले आहे.

येथे एक शंका साहजिकच निघते. दृष्टी बिघडली की रोग्याला कळेलच. मग चित्राची एवढी मातबरी कशाला? अनुभव याच्या उलट आहे. एक डोळा अधू झाला तर दुसरा त्याचे काम इतक्या सहज उचलतो की, माणसाला महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. म्हणूनच स्विस नेत्रवैद्य मार्क अ‍ॅम्स्लर याने विसाव्या शतकाच्या मध्यास चौकटींचा साधा कागद प्रचारात आणला. एक डोळा झाकून त्याच्या मध्यबिंदूकडे पाहावे, रेषा वाकड्या दिसल्या तर लगेच वैद्य गाठावा. कागद उपयुक्त आहे, घरच्या चौकटीच्या दारानेही तेच काम होते. परंतु पुष्कळदा पाणी आधी साचते आणि रेषा मागाहून वाकते. छेदचित्रात ते पाणी दिसते तेव्हा रोगी अजून आपले नीट चालले आहे असेच सांगत असतो.

नेमके येथेच सारे बिघडते. नीट दिसते आहे म्हणून रोगी येत नाही. मुलाला रजा मिळत नाही, गाडीभाडे परवडत नाही, सुईचे भय असते, औषधाची किंमत जड जाते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पहिल्या चाचण्यांतील रोगी सात वर्षांनी पुन्हा तपासले गेले. चाचणी चालू असताना ज्यांची दर महिन्याला देखरेख होती, त्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश रोग्यांची दृष्टी मूळच्याहून बरीच खाली गेली होती. औषध तेच होते. विरळ झाली होती ती चाचणीच्या काळातली शिस्तीची भेट आणि तिच्याबरोबर वेळेवर मिळणारी मात्रा. कोरड्या प्रकारातही पुष्कळदा मागाहून ओल्याचा उपद्रव होतो, त्यामुळे पहारा त्यांनाही चुकत नाही.

भारतात हा प्रश्न वाढत्या आयुर्मानाबरोबर वाढत जाणार आहे. २०२० साली जगात या विकाराच्या कोणत्या ना कोणत्या पायरीवर सुमारे १९ कोटी ६० लाख माणसे असावीत, असा अंदाज होता. औषधाच्या किमतीचा भार हलका करण्याचे प्रयत्न आपल्याकडे झाले आहेत. २०१५ मध्ये रॅनिबिझुमॅबचे भारतीय समरूप बाजारात आले. मदुरैला १९७६ साली अकरा खाटांवर सुरू झालेल्या अरविंद नेत्ररुग्णालयाने लहान गावांत दृष्टिकेंद्रे उघडून ती दूरसंचाराने मोठ्या रुग्णालयांशी जोडली. घरी वापरावयाच्या छेदचित्रयंत्राला २०२४ साली अमेरिकेत परवानगी मिळाली आहे. रोग्याने चित्राकडे जावे की चित्राने रोग्याकडे यावे, या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या बाजूला झुकू लागले आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. तरीही यंत्र गावात आले म्हणजे काम झाले असे नव्हे. मागचे चित्र सापडले नाही, रोग्याच्या नावाची नोंद बदलली, एका रुग्णालयाचे चित्र दुसऱ्याला दिसले नाही, तर सर्वांत महागडे यंत्रही केवळ आजचेच सांगेल. दप्तराविना चित्र म्हणजे तारखेविना पत्र.

सरफोजींच्या नेत्रचित्रांकडे या दृष्टीने पुन्हा पाहावे. त्यांच्या पदरच्या वैद्यांना दृष्टिपटल दिसले नाही, पीतबिंदूच्या रोगावर त्यांच्यापाशी औषध नव्हते आणि त्यांनी तसा दावाही केला नाही. परंतु सामान्य रयतेतील माणसाचा डोळा राजाच्या दप्तरात जपून ठेवण्याजोगा आहे, त्याची आजची स्थिती उद्यासाठी लिहून ठेवली पाहिजे, एवढे त्यांनी जाणले. राज्य हातचे गेलेल्या एका मराठी राजाने दोनशे वर्षांपूर्वी जे चाळीस-पन्नास डोळ्यांसाठी केले, ते आज लक्षावधी डोळ्यांसाठी करावयाचे आहे.

नाचियारकोविलची समई एकदा पेटवून ठेवल्याने रात्रभर जळत नाही. तेल पाहावे लागते, वात पुढे सारावी लागते, काजळी झाडावी लागते. ज्या वृद्ध कारागिराला आपली समई मोडलेली दिसली, त्याच्या डोळ्याची राखणही तशीच आहे. ठरलेल्या दिवशी तो तपासणीस आला, मागचे चित्र आजच्या शेजारी ठेवले गेले आणि दोहोंतला केसाएवढा फरक कोणीतरी वेळेत पाहिला, तर त्याच्या हातची पुढची समई त्याला सरळ दिसण्याची आशा आहे.